केबिन

शाळेत पालकांना बोलावलं होतं, म्हणून गेलो.
साईशच्याच बाकावर बसवलं मला.
गुडघे आत जाईनात. एक बाहेर वाटेत ठेवला,
येणारे-जाणारे तो ओलांडत राहिले.

मांद्रेकर बाई म्हणाल्या, मुलगा मठ्ठ नाही.
गणितात बावीस, विज्ञानात तेवीस,
पण मठ्ठ नाही हो. मन लागत नाही त्याचं.
घरी काही बोलणं होतं का?

घरी बोलणं.
पाळीत आमच्या घरी बोलणं व्हायचं ते खेपांचं.
आज किती झाल्या, जेटीवर रांग किती,
वजनकाट्यावर कोण होता.
हा तेव्हा दुसरीत.
सोप्यावर बसून खडूने खेपा मांडायचा,
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
एकदा महिनाअखेर सुपरवायझरच्या आकड्यात
एक खेप कमी निघाली, ती यानेच पकडली.
मी गावभर सांगत हिंडलो.
आणि त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणालो
(हे बाईंना सांगितलं नाही),
शिकून काय करतोस?
तुझ्या मास्तराच्या पगाराएवढा
हप्ता भरतो मी बँकेत.

सगळे हसले. तोही हसला.
सुलक्षा तांदूळ निवडत होती,
ती निवडतच राहिली.

मग खाण थांबली.
तांबडी धूळ आधी रस्त्यावरून गेली,
मग माडांवरून,
शेवटी माझ्या नखांतून.
टिपर परसात उभा आहे तेव्हापासून.
हौद्यावर दोडकीचा वेल चढलाय.
दोडकी लागतात, आम्ही खातो.
आणि मी रोज जेवताना,
अभ्यास कर रे, अभ्यास कर,
नाहीतर माझ्यासारखा होशील.

एकदा त्याने ताटातून मान वर न करता विचारलं,
तुझ्यासारखा म्हणजे
आधीच्या, की आत्ताच्या?

बाईंना म्हटलं, बघतो.
सही केली, कर्जाच्या कागदांवर करायचो तशीच,
खाली दोन टिंबं.

येताना स्कूटरवर मागे बसला होता, गप्प.
तिठ्यावर विचारलं, रॉस-ऑम्लेट खाशील?
नको म्हणाला.
मग खाल्लं. वर दोन पाव जास्त मागितले.

रात्री उठलो तर टिपरच्या केबिनमध्ये उजेड.
बॅटरी तर कधीच विकली.
बघतो तर मोबाईलची टॉर्च आरशाला बांधलेली,
पुस्तक स्टिअरिंगवर उघडं.
ओठ हलत होते.
डावा पाय क्लचवर,
हात मधूनच गिअरच्या दांड्यावर जाऊन
पुन्हा पानावर येत होता.
वाचत होता की चालवत होता,
मला कळेना.

हाक मारणार होतो.
पण तोंडात तयार होते ते दोनच शब्द,
आणि ते त्याने ऐकलेत.

क्लीनरच्या बाजूचं दार उघडलं.
बिजागरी किंचाळली.
त्याने एकदा बघितलं, दप्तर उचलून मागे टाकलं,
मला जागा केली.
आयुष्यात पहिल्यांदा मी त्या बाजूला बसलो.
समोरचं सगळं जरा तिरकं दिसतं तिथून.

किती झाल्या? मी विचारलं.
गणितं होती ती, 'झाली' म्हणायला हवं होतं.
जुनी सवय.

तीन, म्हणाला.
आणि पेन्सिलीचं टोक दातात धरून,
चौथी काट्यावर आहे.