भट्टीतली उत्तर

खानापुरात सातेरी गुंजीकरला
सगळे अजून 'बोटीवाला' म्हणतात.
बाप कौलं भाजायचा. ह्याला मातीचा कंटाळा आला
म्हणून लोंढ्याला गाडी धरली,
कोचीनला एका संशोधनाच्या जहाजावर
विंचवर लागला. काम काय,
तर दोन मैल तार सोडायची,
दोन मैल तार गुंडाळायची.
"विहिरीवरचा रहाटच की तो," म्हणायचा,
"फक्त पाणी वर काढायचं न्हाई."

जहाजाच्या पोटात रात्रंदिवस टक् टक्.
आवाज खाली जायचा, तळाला थटून परत यायचा;
किती वेळानं आला, त्यावरून खोली.
स्टेशन रोडच्या हॉटेलात कोणीतरी विचारलं होतं,
खाली भाषा कुठली? कानडी का मराठी?
"हाक मारली की ओ देतंय," हा म्हणाला,
"आपल्या कचेरीत तेवढं पण न्हाई."

आणि एक यंत्र, माशासारखं,
लांब दोरीवर मागं ओढत न्यायचं,
जहाजाच्या लोखंडाची बाधा नको म्हणून.
कागदाच्या गुंडाळीवर काटा
वर जायचा, खाली यायचा, वर, खाली.
सातेरीला वाटायचं, बिघडलंय.

कुरियन म्हणून एक पोरसवदा शास्त्रज्ञ होता.
त्यानं कागद डेकवर पसरला,
बरोबर मधोमध दुमडला.
दोन्हीकडचे चढउतार एकावर एक बसले,
इरकलीचे दोन काठ बसावेत तसे.
म्हणाला, ही घडी आहे ना, इथं तळाला फट आहे.
तापलेला दगड वर येतो, निवतो,
निवताना त्या घटकेची उत्तर
अंगात धरून ठेवतो
आणि बाजूला सरकतो, दोन्हीकडं. मागून नवा.
मग केव्हातरी पृथ्वीच दिशा पालटते;
पुढचा दगड दक्षिणेला उत्तर समजून गोठतो.
पट्टा सुलट, पट्टा उलट.
खंड हलतात म्हणणाऱ्याला
लोक पन्नास वर्षं हसले,
आणि हिशेब इथं लिहून ठेवलेला,
पाण्याखाली, कोणी न वाचलेला.

"तुझा बाप काय करतो?"
"कौलं."
"मग त्याला ठाऊक असणार."

सातेरीला राग आला.
बापाला सहीपुरतं येत होतं.

सुट्टीवर आला तेव्हा भट्टी निवत होती.
तीन दिवस उघडायची नसते,
घाई केली की कौलं तडकतात.
चौथ्या दिवशी आत शिरला,
खिशातलं होकायंत्र
भिंतीच्या तांबड्या विटेपाशी नेलं.
सुई हलली. का हात हलला.
दारात बाप.
"काय बघालास?"
"उत्तर."
"कशाचं?"

आता भट्टीत घाणेरी माजलीय.
सातेरी ऐंशीचा, कान गेलेत,
तरी ओट्यावर काठी आपटून जरा थांबतो.
मी मराठी शाळेत भूगोल शिकवते, वर्गात अकरा पोरं,
नकाशावरच्या रेघेपाशी आलं
की माझा घसा कोरडा पडतो.
त्याला म्हटलं, हिचं काय सांगू?
त्याला ऐकूच गेलं नसावं.
"वर्षाला दोन-तीन कौलांची जाडी," तो म्हणाला,
"खानापूर, बेळगाव, कचेरी, पाट्या,
मोर्चेवाले, पोलीस, सगळं धरून,
ईशान्येला."

निघताना एक फुटकं कौल हातात दिलं.
भट्टीच्या भिंतीला तिची उत्तर अजून माहीत आहे,
ती हललीच नाही.
कौलांचं तसं नाही.
भट्टीतून निघाली, बैलगाडीत गेली,
छपराच्या उताराप्रमाणे बसली;
गावभर हजारो,
प्रत्येकाच्या पोटात एक उत्तर,
एकीचाही मेळ दुसरीशी नाही.

मी ते शाळेच्या टेबलावर ठेवलंय.
कोणत्या तोंडानं ठेवावं,
रोज थोडं फिरवून बघते.