शटल

सीटवरचं प्लास्टिक मी काढलं नव्हतं.
उन्हात ते चिकटायचं, उठताना
साडीसकट मला धरून ठेवायचं.
शोरूममधला हार्दिक म्हणाला होता, 'काढून देऊ, बेन?'
राहू दे म्हटलं,
जसं काही परत करायचीय.

सत्तावीस वर्षं रावपुरा ते मांजलपूर
शटल रिक्षात मागे तिसरी,
कधी चौथी, अर्धी हवेत,
एक हात दांडीला, पर्स पोटाशी,
सुटे पैसे आधीच मोजून मुठीत.
आणि आता ही. राखाडी.
हवी होती निळी,
पण निळीला दीड महिना थांबावं लागलं असतं
आणि दीड महिन्यात मी विचार बदलला असता.

नारळ फाल्गुनीबेननं फोडला,
चाकाखाली लिंबू तिनंच ठेवलं.
मी फक्त पुढे नेली.
बारीक, ओला आवाज झाला,
तेवढ्यानंही मी ब्रेक दाबला.

पहिले आठ दिवस ती जायची
आणि मी सोबत.
वळून झालं तरी इंडिकेटर टकटक करत राहायचा,
अख्ख्या लालबाग पुलाला वाटायचं
ही बाई आता डावीकडे पडणार.
एका आरशात माझाच खांदा, दुसऱ्यात आभाळ.
पंपावरचा मुलगा विचारायचा, 'केटलानुं?'
आणि मी, साडेतीनशे जणांचे पगार तपासणारी,
रुपये सांगू की लिटर, इथे अडायची.
रात्री ग्रिलपाशी उठून खाली बघायचे.
आहे.
पाणी पिऊन पुन्हा बघायचे.
आहे. कुणाचीतरी.

मग तो गुरुवार.
ऑफिस सुटलं, खंडेराव मार्केटात सुरती पापडी घेतली,
रताळी घेतली, फुलवाल्यांच्या ओळीपुढच्या
कोपऱ्यावर आले,
इकबालभाईनं शटल थांबवली, 'एक जग्या छे, बेन,'
आणि मी चढले.
मागे, तिसरी.
मूठ उघडून पैसे दिले,
तीन जिने चढले,
पापडी सोलायला बसले.
कुलूप उघडताना हाताला दोन किल्ल्या लागल्या होत्या,
एकीला लाल फीत,
हे आठवलं साडेआठला,
निम्म्या शेंगा झाल्यावर.

काय सांगू.
कुणाला तरी शाळेतून आणायचं राहून गेलंय
अशी मी घरभर चपला शोधत होते
आणि चपला पायात होत्या.

जाताना स्पेशल रिक्षा, ऐंशी रुपये.
मार्केटच्या कमानीखाली शटर पडत होती,
रमीलाबेन हारवाली उरलेला झेंडू टोपलीत भरत होती,
आणि तिच्या शेजारी, ओल्या गोणपाटाखाली, ती.
सीटवर दोऱ्याची रिळं,
हँडलला तीन न खपलेले हार.
'टोइंगवाळा बे वार आव्या,' रमीलाबेन म्हणाली,
'में कीधुं, मारुं छे.'
सगळ्या मार्केटला तिनं हेच सांगितलं होतं.
तीन तासांत जमलं तिला.

पैसे घेईना. म्हणाली, वाडीपर्यंत सोड.
बसताना प्लास्टिकला नख लावलं,
टर्रकन अर्धं ओढून काढलं,
'गरम थाय,' म्हणाली, आणि टोपली
आमच्या दोघींच्या मध्ये घट्ट बसवली.
माझ्या खांद्यावर तिचा हात,
पाण्याचा, झेंडूच्या कडू वासाचा.
मागे कुणी बसलंय म्हटल्यावर
मी खड्डे चुकवायला लागले.
एरवी त्यातूनच जायचे.

उरलेलं प्लास्टिक अजून आहे,
वाऱ्यावर फडफडतं.
रताळी उकडली, पापडी थोडी वातड झाली.
इंडिकेटर मी आता बंद करते. बहुतेकदा.
तरी काल संध्याकाळी, लालबाग पुलावर,
तीसच्या स्पीडनं जाताना
समोरून रिकामी शटल आली,
आणि माझा हात वर गेला.