अर्ज, फलाट चारवरून

माननीय आगारप्रमुख, निपाणी, यांस
विनंती
(विनंती खोडतो)
कळवतो, की

मंगळवारी संध्याकाळी सव्वापाचला
तुमच्या शिपायानं माझा मोबाईल मनगटासकट धरला.
"याक री फोटो?"
म्हटलं, गाडीचा आहे.
"गाडीचा कशाला?"
ते मला ठाऊक असतं
तर घरी बायकोला सांगून कधीच मोकळा झालो असतो.

मी तवनाप्पा मगदूम. तंबाखूच्या वखारीत काट्यावर असतो.
बोद, वजन, वही. बोद, वजन, वही.
पाचला सुटलो की स्टँड.
कुणी देवळात जातं, कुणी गुत्त्यात,
मी खांबाला टेकून चिक्कोडीच्या गाडीची वाट बघतो
आणि ती आली की तिच्यात बसत नाही.

शिपायानं आधी नाव विचारलं.
आमच्याकडं नाव विचारणं म्हणजे
कुठल्या बाजूचा, हे न विचारता विचारणं.
माझं नाव दोन्हीकडं चालतं.
त्याची पंचाईत झाली.
मग म्हणाला, कुणासाठी काढतोस?

त्याचंही सगळं चुकलं नाही, हे लिहून ठेवतो.
नाक्यावर गाड्या अडकल्या त्या आठवड्यात
कुणीतरी कुणालातरी गाडीचा नंबर कळवला
आणि पुढच्या वळणावर काच फुटली.
तेव्हापासून ज्याच्या हातात कॅमेरा
त्याच्या खिशात धोंडा, असं धरून चालतात.
पण साहेब, त्या फुटक्या गाडीचा फोटो माझ्याकडं आहे
आणि आदल्या दिवशीचाही, काच शाबूत असतानाचा.
धोंडेवाल्याला आदला दिवस लागत नाही.

नियम दाखवा म्हटलं.
कंट्रोलर हादिमनींनी ड्रॉवर उपसला.
थुंकू नये निघालं, बिडी ओढू नये निघालं,
विसरलेल्या छत्र्यांची यादी निघाली, तीन वर्षांपूर्वीची.
फोटोची ओळ नव्हती.
"नियम नाही, म्हणून तर परवानगी नाही."
त्यांच्या डोक्यावर कोपऱ्यात तुमचा कॅमेरा.
तो रोज माझा फोटो काढतो.
त्याला कुणी नाव विचारत नाही.

मी काय काढतो ते सांगतो, फाईलला राहील:
पत्र्यावरच्या रिव्हेटांच्या ओळीत
एकच चुकलेला, जरा खाली बसलेला.
इकडच्या बॉडीची खिडकी तिकडच्या खिडकीपेक्षा
बोटभर बुटकी. बोट माझं, मोजलंय.
काळं फासलेली पाटी पुसून
पुन्हा लिहिलेलं गावाचं नाव,
आणि उन्हात त्यातून वर येणारं खालचं काळं.
कधी दोन राज्यांच्या दोन गाड्या
इतक्या चिकटून लागतात की आरशाला आरसा घासतो.
ड्रायव्हर उतरतात,
एक कानडीत, एक मराठीत,
दोघं एकमेकांच्या आरशाला शिव्या देतात
आणि चहा एकाच गाड्यावर पितात.
माणसं मी काढत नाही.
कुणी चौकटीत आलंच तर थांबतो, जाऊ देतो.

"डिलीट माड्री."
केला. एक.
तसा तो हललेलाच होता.
हे तुम्हाला सांगायला नको, पण अर्जात खोटं नको.
तरी रात्री झोप नाही,
वहीत एक बोद कमी लागल्यासारखं.

अर्ज मराठीत आहे.
कानडी मला येतं, चांगलं येतं,
पण चीड मराठीतनं येते, इलाज नाही.

बसलो होतो परवानगी मागायला.
लिहिता लिहिता हात अडला.
लेकीला गाडीत बसवून
धूळ खाली बसेपर्यंत बघत उभं राहायला
मी कुणाचा कागद घेतला होता?
तेच बघणं. फक्त आता
खिशात ठेवता येतं.

सबब मागत नाही. कळवतो.
रोज सव्वापाचला, फलाट चार, तिसरा खांब.
शिपायाला सांगा, मनगट धरायचं तर डावं धरावं.

तारीख आजची.
सही राहू दे,
चिक्कोडी वळली आत.