पाण्यात पाहणं

न्यिरेवाओच्या वळणावर वारा आधी पोचतो,
मग आम्ही.
प्रेबेन डेन्मार्कचे, सत्तरीचे, छातीपर्यंत रबर चढवून
प्रवाहात उभे. मी त्यांच्या डाव्या खांद्यामागे, हातभर,
वाटाड्यानं जिथं उभं राहायचं असतं:
नजरेत नाही, आणि दूरही नाही.

लोक एकमेकांना पाण्यात पाहतात.
मी नुसतं पाण्यात पाहते, त्याचे पैसे मिळतात.
त्या काळ्या दगडाशी, फेस जिथं दुमडतो,
एक सावली आहे जी पाण्याबरोबर वाहत नाही.
"अकरा वाजता असतो तिथं काटा," मी सांगते.
"नऊ मीटर. अलगद."
दोरी मागे जाते, हवेत एक लांब वेलांटी काढते,
वारा ती पुसतो
आणि पिसांची माशी झुडपात जाऊन बसते.

मी झुडपात जाते.
चार दिवसांत त्या काट्यांना माझी बाही पाठ झाली आहे.

माशी मीच बांधलेली: आईच्या तांबड्या कोंबडीची मान,
सशाचे केस, जुन्या स्वेटरचा हिरवा धागा.
एकीला पाच डॉलर. कोंबडीला हे ठाऊक नाही.
आईला आहे. ती रोज संध्याकाळी दारातच विचारते,
मासा कुठाय?
सोडला.
पकडून?
पकडून.
ती चुलीत लाकूड सारते, गरजेपेक्षा जोरात.
तिच्या लहानपणी एका हिवाळ्यात रस्ता बुजला तेव्हा
घरात एक मेंढी होती आणि अकरा माणसं.

दुपारी प्रेबेन काठावर बसले.
सबंध हिवाळा, म्हणाले, इमारतीच्या पार्किंगमध्ये सराव केला,
दोरीच्या टोकाला पिवळी लोकर बांधून.
साडेपाचची बस रोज तिथं जरा हळू व्हायची.
सगळं जमत होतं.
वारा नव्हता, मासा नव्हता, एवढंच.

मी पिशवीच्या तळातून डबा काढला.
दुधाच्या पावडरीचा, बुडाला गंजलेला,
त्यावर गुंडाळलेली तंगूस, एक शिशाचा मणी, एक गळ.
आम्ही सगळे ह्यावरच शिकलो, नाकतोडा लावून.
"पण हे तुमच्या नियमात बसत नाही," मी म्हटलं.
ते म्हणाले, "मी तेहतीस वर्षं लिफ्ट तपासल्या.
आज मला नियम सांगू नकोस."

डोक्यावर दोनदा गरगर, आणि सोडलं.
डब्यावरून तंगूस सुटताना जो आवाज येतो
तो मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.
मग डबाच थरथरला.
ते मागे मागे येत राहिले, हातावर हात टाकत,
म्हाताऱ्या पोरासारखे ओरडत, कुठल्या भाषेत देव जाणे.

ट्राउट. पिवळट पोट, लाल ठिपक्यांभोवती निळी कडी.
गळ घशाच्याही आत.
"हात ओले करा," मी सवयीनं म्हटलं.
त्यांनी केले. तिला प्रवाहाकडे तोंड करून धरलं.
ती कुशीवर कलंडली.
परत सरळ केली. परत कुशीवर.
कल्ल्यातून बारीक लाल दोरा निघून
खाली खाली जात होता.
"किती वेळ धरायचं?"
हे मला कुणी शिकवलेलं नाही.
मी दगड उचलला.

त्या संध्याकाळी आईनं दारात काही विचारलं नाही.
आधी मासा पाहिला, मग माणूस,
मग त्याच्या मोज्यातून बाहेर आलेला अंगठा.
पिठात घोळवून, चरबीत, मीठ.
प्रेबेन हळू जेवले,
काटे ताटाच्या कडेला लहानमोठे लावून ठेवत.

आई म्हणाली, विचार त्याला,
सहा दिवसांचे किती मोजले?
मी त्यांना सांगितलं, मीठ बेताचं आहे ना, विचारते.
अगदी, अगदी, त्यांनी मान हलवली.
मी आईला म्हटलं, त्यांना आठवत नाही.

आई माझ्याकडे बघत राहिली,
फेस दुमडतो तिथं बघावं तशी.
मग तिनं माशाचं डोकं
त्यांच्या ताटात वाढलं.