अर्धा मीटर

फेब्रुवारीत ओउलूचा समुद्र चालत ओलांडता येतो.
तावेत्ती केम्पाइनेन तसाच आला, बर्फावरून,
बस आहे हे माहीत असून.
बुटांचं पाणी प्रयोगशाळेच्या फरशीवर,
अठ्ठ्याहत्तर वर्षांचं लालबुंद नाक
आणि हातांना अजून पाइनच्या डांबराचा वास.

मी हेडसेट चढवला, मागचा पट्टा आवळला,
विचारलं, दिसतंय?
त्यानंच बांधलेली नाव होती ती,
फळी न् फळी स्कॅन करून आम्ही उभी केलेली,
शाळेतल्या पोरांना शिकवायला.
साडेचार मीटर.

बराच वेळ तो बोलला नाही.
मग म्हणाला, "छान आहे. कुणाच्या नातवाची?"
मी आकडे वाचून दाखवले. मिलिमीटरचा फरक नाही.
"आकडा खरा असेल, इर्या.
पण यातला अर्धा मीटर कुणीतरी खाल्लाय."
आणि दोन्ही हात पसरले त्यानं
नसलेल्या नावेच्या नसलेल्या काठावर,
एक वाव, मग पुन्हा एक.
अडीच भरायला हवी होती, सव्वादोनला संपली.

(आमच्या भाषेत वावेला जो शब्द, तोच कुशीला.
स्युली.
समुद्राची खोली आणि मूल
एकाच मापानं घेतो आम्ही.)

मला वाटलं, नाचता येईना, अंगण वाकडं.
म्हातारा आहे, यंत्र नवं आहे.
तरी पट्टी काढली, त्याच्या बुबुळांमधलं अंतर मोजलं:
सत्तावन्न.
आम्ही भरलं होतं चौसष्ट,
हजारो लोकांची बेरीज भागून काढलेलं,
त्यातल्या बहुतेकांचं नसलेलं.
सात मिलिमीटर. पावाच्या पातळ कापाइतकं.
एवढ्यानंच माणूस राक्षस होतो
आणि जग खेळणं.

अंगणच वाकडं होतं.

सत्तावन्न भरलं.
तो एकदम मागे सरकला,
नावेचं नाक छातीला लागेल म्हणून.

"आता ती दाराची चौकट बघ. पोट सुटलंय तिला."
मी सांगू लागले:
भिंग चित्राचे कोपरे बाहेर ओढतं,
म्हणून आम्ही चित्र आधीच उलटं वाकवतो,
फुगवून ठेवतो, म्हणजे भिंगातून जाताना
त्याचं त्यालाच सरळ व्हावं लागतं.
इथे जरा जास्त फुगवलं गेलं...

तो हसायला लागला, हेडसेट डोक्यावर तसाच.
"फळी वाफेवर धरतो आम्ही. मऊ झाली की वाकवतो.
सोडली की ती मागे फिरते, लाकडाला आठवण असते.
म्हणून हवी त्याहून दोन बोटं जास्त वाकवायची.
किती जास्त, ते वहीत नसतं.
ओकचं वेगळं, पाइनचं वेगळं,
उत्तरेच्या उतारावरच्या पाइनचं आणखी वेगळं.
तुमच्या काचेला विचारलंत का?"

विचारलं नव्हतं.
पन्नास हेडसेटना एकच आकडा दिला होता.

दुपारभर तो "अजून", "थोडं", "मागे घे" म्हणत राहिला,
मी दशांश सरकवत राहिले,
आणि तीनच्या सुमारास, खिडकीबाहेर उजेड कलताना,
चौकट सरळ झाली.
त्यानं हात लावून बघितली.
हात आरपार गेला.
"हं," म्हणाला, "लाकूड सोडून सगळं आहे."

नाकावर हेडसेटचा वळ घेऊन
तो परत गेला, या वेळी बसनं.

मी दिवे बंद करायच्या आधी एकदा डोळ्यांना लावलं ते यंत्र.
आकडा बदलायचा राहिला होता.
माझं अंतर सहासष्ट, आत त्याचं सत्तावन्न.
नाव अवाढव्य.
पाच मीटरच्याही वर, काठ माझ्या खांद्याशी,
जशा बंदरावर दिसायच्या
मी सहा वर्षांची असताना.

चुकीचं माप आहे, मला माहीत होतं.
पट्टी हातातच होती.
थोडा वेळ तशीच उभी राहिले.