वयोमर्यादा

यावलला एसटी स्टँडसमोर, चष्म्याच्या दुकानाला लागून
माझं दुकान आहे: झेरॉक्स, लॅमिनेशन, सर्व प्रकारचे फॉर्म.
सर्व प्रकारचे म्हणजे तलाठी, पोलीस, रेल्वे,
आणि वर्षातून चार-पाच वेळा
पुण्या-हैदराबादच्या सरकारी प्रयोगशाळांचे.
त्या जाहिराती मी काचेला आतून चिकटवतो.
कुणी विचारत नाही. तरी चिकटवतो.

ज्युनियर रिसर्च फेलो, जागा एक.
नियुक्ती निव्वळ तात्पुरती.
मुलाखतीस येण्याजाण्याचा खर्च मिळणार नाही.
वय अठ्ठावीसच्या आत.
ही शेवटची ओळ मला डोळे मिटूनही सापडते.

माझी एमएस्सी फिजिक्स, जळगावहून, फर्स्ट क्लास.
अठ्ठावीस उलटली त्या दुपारी मी ह्याच खुर्चीत
कुणाचं तरी जातीचं प्रमाणपत्र स्कॅन करत होतो.
फाईल मोठी होत होती. लहान करता करता
चार वाजले.

फॉर्मात एक चौकट असते:
वय, वर्षे, महिने, दिवस.
वर्षे लोक सांगतात, महिने बोटांवर मोजतात.
दिवस मलाच काढावे लागतात
आणि त्यांचे काढताना
माझेही निघतात.

मेमध्ये रुबिना तडवी आली, पाल रस्त्याकडची,
ओली ओढणी डोक्याला गुंडाळून.
सत्तावीस वर्षे, अकरा महिने, नऊ दिवस.
"बसतं ना भाऊ?"
बसतं. तीन आठवडे उरलेत.

पुढची चौकट: संशोधनातील रुची, तीनशे शब्द.
तिनं मराठीत लिहून आणलेलं, पाठपोट,
मी इंग्रजी करत गेलो.
केळीचं पान भर दुपारी
मधल्या दांड्यावरून दोन्हीकडे खाली मिटतं,
तेव्हा त्याच्या पोटाखाली किती गार असतं,
हे कुणी मोजलंय का?
सुट्टीत घड वाहायला जायची तेव्हा
तिथंच बसून भाकर खायची ती.

माझी बोटं थांबली.
खणात माझी एक वही आहे, दाखवण्यासारखी नाही:
दुकानाच्या पत्र्याखाली, रोज दुपारी दोनला, किती डिग्री.
अकरा उन्हाळे.
सत्तेचाळीस पॉइंट दोन, लाईट गेलेली.
मध्ये चार दिवस कोरे,
आईला भुसावळला ॲडमिट केलं होतं.

ह्याला काही किंमत नाही, मी म्हटलं.
पत्रा, भिंत, आणि थर्मामीटरच चुकीचं.
"किती चुकीचं?" ती म्हणाली.
"रोज सारखंच चुकतं का?"

मी आधी तिच्याकडे पाहिलं.
मग थर्मामीटरकडे.

तिनं अख्ख्या वहीची झेरॉक्स मागितली.
एकशे चौदा पानं. पैसे घेतले मी,
रुपयाला एक, सगळ्यांना तोच भाव.
फुकट दिली असती तर रद्दी झाली असती.

मुलाखत होऊन गेली. निकालाचं पान उघडत नाही,
मी दिवसातून दोनदा बघतो,
गिऱ्हाईक नसताना.
जळगावहून नवं थर्मामीटर आणलंय,
जुन्याच्या शेजारी खिळ्याला टांगलंय.
जुनं एक पॉइंट तीननं जास्त दाखवतं.
काल एक पॉइंट सहानं.
आज पुन्हा तीन.

इतक्यात सांगता येणार नाही.
आणखी एक उन्हाळा लागेल.