डोळ्याकरिता पेवडी

वैजयंता जीनगर कागद घेऊन आली
तेव्हा मी जेवायला उठत होतो.
कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी वर्तमानपत्रात,
वर्तमानपत्र सासूच्या विटक्या इरकलीत.
"मागून मोडी हाय. जागेचं आसंल तर बघा."

माझ्याकडं सगळे जागेसाठीच येतात.
चाळीस वर्षं हद्दी वाचतोय :
पूर्वेस ओढा, पश्चिमेस बाभूळ,
दक्षिणेस अमक्याची विहीर, तीही बुजलेली.

कागद सुलटा केला आणि पाखरू निघालं.

काळी मान. पाठीवर वाळल्या गवताची नक्षी.
कानामागं तीन-तीन पिसं, तारेसारखी,
टोकाला इवल्याशा पळ्या.
पायाशी कुसळीची चार पाती,
बाकी कागद मोकळाच,
माळ काढायला रंग पुरला नसावा.
खाली साहेबाचं तिरकं इंग्रजी :
तणमोर, नर. जालना छावणी, ऑगस्ट १८४७.
काढणाऱ्याचं नाव नाही.

ते मागं होतं.
रखमाजी जीनगर, कादराबाद.
मग हिशेब.
बाभळीचा डिंक, एक पैसा.
काजळ घरचं.
शंखाची पांढरी, दोन पैसे.
खारीच्या शेपटीचे केस पोरानं आणले, त्याला गूळ.
पेवडी, गुंजभर, डोळ्याकरिता : दोन आणे.

"एवढ्याश्या डोळ्याला दोन आणे?"
वैजयंतानं कागद माझ्या हातातून उलटला.
डोळा तपकिरी होता.
चिंचोक्यासारखा, कोरडा.

खाली कडेला दाबून लिहिलेल्या ओळी.
भिंग काढलं, मोठ्यानं वाचलं :

हावश्या पारध्यानं पाखरू फासातून जितं आणलं.
डोळा पिवळा. म्यां पाहिला.
साहेबाच्या मेजावर जाईतो मेलं.
साहेब म्हणे तपकिरी, समोर दिसतो तसा काढ.
समोर मेलेलं होतं.
काढला.

मोडीत लेखणी सहसा उचलत नाहीत,
ओळ वाहत जाते शेवटापर्यंत.
या शेवटच्या शब्दाआधी ती उचललेली दिसते.
तिथं शाईचा एक थेंब आहे.

"मंजी जागेचं काईच नाही?"
नाही.
ती उंबऱ्यावर बसली. तांब्याभर पाणी प्याली.
"सासरे म्हनायचे, आपल्या घरात कागद हाय.
मरेपर्यंत म्हनायचे."
बियाणाच्या कंपनीत पाकिटं भरते ती,
तीनची ड्युटी, घड्याळात सव्वादोन.

उठली, कागद खिडकीशी नेला,
नोट पारखतात तसा तिरपा धरला.
"हे काय हो?"
तपकिरीच्या कडेला
नखाच्या कोरीएवढं पिवळं.
रखमाजीनं आधी पेवडी भरली होती,
वरून साहेबाचा रंग,
आणि एवढी कड झाकायची राहिली,
किंवा राहू दिली.

तणमोर मी पाहिलेला नाही.
श्रावणात गवतावरून उडी घेतो म्हणतात,
हाकेसारखी, पुन्हा पुन्हा.
त्याचं रान मात्र मी वाचलंय, किती कागदांत :
उत्तरेस गवताळ, सरकारी.
आता अंबड रस्त्याला तिथं चुन्याच्या रेघा,
नंबर टाकलेले दगड.

मी पैसे नको म्हणालो. तिनं पन्नास ठेवलेच.
इरकलीची घडी घालता घालता थांबली.
"कोनती बाजू वर ठिवू?"

जागेच्या कागदाचं मला हे
आजवर कुणी विचारलं नव्हतं.